आर्डुइनोचा युजर फोल्डर आपोआप कसा शोधायचा? आधी आर्डुइनोलाच विचारा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, म्हणजे कुठे चुकत असेन तर लगेच कळेल. तुम्ही दांडिया बाजारात घरी आठवी-नववीच्या मुलांना रविवारी इलेक्ट्रॉनिक्स शिकवता. सेन्सरच्या धड्यांसाठी तुम्ही एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहिली आहे. मुलांनी ती हाताने कॉपी करू नये म्हणून व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचं एक छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, केलंत. बटण दाबलं की लायब्ररी आर्डुइनोच्या युजर फोल्डरमध्ये, म्हणजे मुलाचं काम आणि लायब्ररीज जिथे राहतात तिथे, जाऊन बसते. तुमच्या लॅपटॉपवर हे चोख चालतं, पण मुलांच्या नऊपैकी तीन लॅपटॉपवर नाही. त्यातल्या दोन ठिकाणी एरर येते आणि तिसऱ्यावर 'लायब्ररी बसवली' असा संदेश येऊनही आर्डुइनो आयडीईला, म्हणजे कोड लिहून बोर्डावर चढवायच्या प्रोग्रॅमला, ती दिसत नाही. तुमचा कोड होम फोल्डर घेतो, त्याला 'डॉक्युमेंट्स' जोडतो, त्याला 'आर्डुइनो' जोडतो. तुम्ही विचारलंय की प्रत्येक मशीनवर हा फोल्डर आपोआप आणि खात्रीने सापडेल अशी पद्धत कोणती.

पद्धत आहे, पण तिच्यात शोधण्याचा भाग कमी आणि विचारण्याचा जास्त आहे. युजर फोल्डर कुठे ठेवायचा हे आर्डुइनोने एकदा ठरवलेलं असतं आणि ते स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं. ती नोंद वाचा. नोंद नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारा. तिथेही भागलं नाही तर समोर बसलेल्या मुलाला विचारा. होम फोल्डरला दोन शब्द जोडून तयार केलेला पत्ता हा अंदाज आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी बरोबर निघतो म्हणूनच तो इतके दिवस कोडमध्ये टिकून राहतो.

मी बडोद्यात गेली बरीच वर्षं हेच काम करतोय, एडिटरची छोटी-मोठी प्लगइन लिहायची आणि शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये ती चालती करून द्यायची. तुमच्या तीन लॅपटॉपपैकी एरर देणारे दोन मला त्रासदायक वाटत नाहीत. तिथे काहीतरी अडलंय हे निदान कळतं. तिसरा, 'बसवली' म्हणणारा, त्याच्याबद्दल आधी बोलतो.

असाच लॅपटॉप माझ्यासमोर एकदा आला होता. अकरावीतला मुलगा, घरातला एकच लॅपटॉप, वडिलांचा. एक्स्टेन्शन माझं होतं आणि कोड जवळपास तुमच्यासारखाच होता. मी बटण दाबलं, हिरवी खूण आली. आयडीईत 'स्केच' मेन्यूतून 'इन्क्लूड लायब्ररी' उघडलं तर यादीत आमची लायब्ररी नाही. आयडीई बंद करून पुन्हा उघडली, तरी नाही. फाइल एक्स्प्लोररमध्ये जाऊन पाहिलं तर डॉक्युमेंट्समध्ये आर्डुइनो, त्यात लायब्ररीज, त्यात आमचा फोल्डर, सगळं व्यवस्थित. मुलाला म्हटलं, तुझी आधीची स्केचेस, म्हणजे आर्डुइनोचे प्रोग्रॅम, दाखव. त्याने आयडीईतूनच एक उघडलं आणि मी त्या फाइलचा पूर्ण पत्ता पाहिला. त्यात युजरच्या नावानंतर वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) होतं, मग डॉक्युमेंट्स, मग आर्डुइनो. म्हणजे मशीनवर आर्डुइनो नावाचे दोन फोल्डर होते. एक आयडीईचा खरा, वनड्राइव्हच्या आत, मुलाच्या वर्षभराच्या कामाने भरलेला. दुसरा साध्या डॉक्युमेंट्समध्ये, आणि त्यात आमच्या लायब्ररीखेरीज काहीही नाही.

हा दुसरा फोल्डर आला कुठून, याचा विचार करताना माझ्या पोटात गोळा आला, कारण तो माझ्याच कोडने तयार केला होता. फोल्डर बनवताना मी 'रिकर्सिव्ह' हा पर्याय चालू ठेवला होता. वाटेतला जो फोल्डर नसेल तो बनवत जा, असा त्याचा अर्थ. मी चुकीचा पत्ता दिला, नोडने (एक्स्टेन्शनचा कोड ज्यावर चालतो त्याने) तो पत्ता इमानाने अस्तित्वात आणला, मग फाइल तिथे कॉपी झाली आणि कुठेही एरर आली नाही. पुढच्या वेळी 'फोल्डर आहे का' ही तपासणीसुद्धा पास झाली असती. तुमच्या तिसऱ्या लॅपटॉपवर बहुधा हेच घडलंय. तेव्हा आजच्या आज एक बदल करा. आर्डुइनोचा युजर फोल्डर तुमच्या कोडने कधीही तयार करायचा नाही. तो आधीपासून असायला हवा. त्याच्या आतला लायब्ररीज फोल्डर नसेल तर तेवढा एक बनवायला हरकत नाही, कारण नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तो नसू शकतो, पण तोही रिकर्सिव्ह पर्याय बंद ठेवून.

त्या मुलाच्या मशीनवर आणखी एक गोष्ट होती, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. विंडोजला 'डॉक्युमेंट्स कुठे आहे' असं रीतसर विचारलं असतं तरीही चुकीचंच उत्तर आलं असतं. झालं असं होतं की आयडीई पहिल्यांदा उघडली तेव्हा वनड्राइव्हचा बॅकअप चालू होता. बॅकअप चालू असताना विंडोजचा डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकतो. आयडीईने तेव्हाचा पूर्ण पत्ता आपल्या फाइलमध्ये लिहून घेतला. काही महिन्यांनी वडिलांनी बॅकअप बंद केला. तो बंद केल्यावर डॉक्युमेंट्स पुन्हा मूळ जागी आला, पण आधीच्या फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहिल्या. आयडीईची नोंद बदलली नाही, आयडीई जुन्याच पत्त्यावर काम करत राहिली, आणि मुलाला कशाचाच पत्ता लागला नाही कारण त्याचं काही अडलंच नव्हतं. अशा मशीनवर खरं उत्तर एकाच ठिकाणी असतं, आर्डुइनोच्या स्वतःच्या नोंदीत.

ती नोंद कुठे असते ते आवृत्तीवर ठरतं.

आयडीईची दुसरी आवृत्ती, म्हणजे २०२२ पासून आलेली २.० आणि पुढच्या, ही होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारा 'आर्डुइनोआयडीई' नावाचा फोल्डर करते. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर हाच. नावात शेवटची 'आयडीई' ही तीन अक्षरं कॅपिटल आहेत, लिनक्सवर हे चुकवू नका. त्यात आर्डुइनो-सीएलआय नावाची यामल फाइल, म्हणजे सेटिंग्ज लिहिलेली मजकुराची फाइल, असते. फाइलीत 'डिरेक्टरीज' हा विभाग, आणि त्याखाली 'युजर' ही ओळ. आपल्याला हवी ती हीच. त्याच विभागात 'डेटा' अशीही एक ओळ असते, तिच्यावर चुकून हात पडू देऊ नका. डेटा फोल्डरमध्ये बोर्डांची पॅकेजेस, कंपायलर वगैरे असतात. तिथे लायब्ररी टाकून उपयोग नाही.

जुनी १.८ अजून बऱ्याच शाळांत आहे. ती 'प्रेफरन्सेस' नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवते. विंडोजवर ती लोकल अ‍ॅपडेटामधल्या 'आर्डुइनो१५' या फोल्डरमध्ये, मॅकवर होममधल्या लायब्ररी फोल्डरच्या आत त्याच नावाने, लिनक्सवर होममध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये. विंडोजवर रोमिंग आणि लोकल असे दोन अ‍ॅपडेटा आहेत, आपल्याला लोकल हवा. फाइलीत प्रत्येक ओळीवर नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत अशी मांडणी असते. आपली ओळ 'स्केचबुक डॉट पाथ'. तोडताना पहिल्याच बरोबरच्या चिन्हावर तोडा, कारण फोल्डरच्या नावातही ते चिन्ह असू शकतं. १.८ ची मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेली प्रत असेल तर हा सगळा मजकूर डॉक्युमेंट्समधल्या 'आर्डुइनोडेटा' फोल्डरमध्ये जातो. आणि कोणी १.८ पोर्टेबल पद्धतीने, पेनड्राइव्हवर वगैरे चालवत असेल तर प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये 'पोर्टेबल' नावाचा फोल्डर असतो आणि सगळं त्याच्या आत. तो आपल्याला बाहेरून सापडणार नाही, तिथे माणसालाच विचारावं लागेल.

ज्यांच्याकडे नुसती आर्डुइनो सीएलआय, म्हणजे कमांड टाइप करून चालवायचं आर्डुइनो, आहे त्यांची यामल फाइल वर सांगितलेल्या 'आर्डुइनो१५' डेटा फोल्डरमध्ये असते. सीएलआयला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही, म्हणजे सिस्टिम प्रोग्रॅमला सुरू होताना देते ती नावाची किंमत, चालतं. आर्डुइनो, डिरेक्टरीज, युजर हे तीन शब्द कॅपिटल अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर. ते असेल तर सीएलआय फाइलीपेक्षा त्याला मान देते, म्हणून तुमच्या कोडनेही तो क्रम पाळावा. एवढं लक्षात ठेवा की व्हीएस कोडला हे व्हेरिएबल तो सुरू होताना मिळतं. नंतर बदललं तर व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघडावा लागतो.

तुम्ही म्हणाल, सीएलआयलाच कमांड देऊन का विचारू नये? विचारा जरूर. १.० पासून तिच्यात 'कॉन्फिग गेट' ही उपकमांड आहे. पण मुलांच्या लॅपटॉपवर सीएलआय वेगळी टाकलेली नसते. दुसऱ्या आयडीईच्या पोटात एक असते खरी, पण तिची जागा आवृत्तीनुसार बदललेली मी पाहिली आहे आणि ती शोधणं हा पुन्हा नवा अंदाज. शिवाय आयडीईच्या पोटातली सीएलआय आपण बाहेरून नुसती चालवली तर ती आयडीईची यामल फाइल वाचणार नाही, आपली नेहमीची वाचेल. कोणती कॉन्फिग फाइल वाचायची ते कमांडमध्ये सांगावं लागतं. म्हणून मी फाइल थेट वाचतो.

यामल वाचताना मात्र रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधण्याच्या, मोहात पडू नका. विंडोजच्या पत्त्यातले उलटे स्लॅश अवतरणचिन्हांशिवाय लिहिले असतील तर एकेरी असतात, दुहेरी अवतरणात असतील तर दुप्पट लिहिलेले असतात. यामल वाचणारं पॅकेज हे सगळं सांभाळतं. नोडसाठी अशी चांगली पॅकेजेस आहेत, एक घाला आणि मोकळे व्हा.

आता दुसरी पायरी. नोंद सापडलीच नाही, आयडीई नुकतीच टाकलीय आणि एकदाही उघडलेली नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचं. खरं सांगायचं तर इथे मी आधी संदेश दाखवतो, 'आर्डुइनो आयडीई एकदा उघडून बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.' वर्गात हे दहा सेकंदांचं काम आहे आणि त्याने नोंद तयार होते. पण आपोआपच हवं असेल तर मॅकवर होममधल्या डॉक्युमेंट्समध्ये आर्डुइनो, लिनक्सवर थेट होममध्ये आर्डुइनो. या दोन्ही ठिकाणी फार काही अडत नाही. विंडोजवर अडतं.

विंडोजला डॉक्युमेंट्सचा पत्ता विचारायचे दोन सोपे मार्ग. एक म्हणजे रजिस्ट्री, विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवतं ती जागा. चालू युजरच्या विभागात एक्स्प्लोररखाली 'युजर शेल फोल्डर्स' आहे, त्यात 'पर्सनल' नावाची किंमत म्हणजे डॉक्युमेंट्स. नाव फसवं आहे, पण तीच ती. तिथे मिळणाऱ्या पत्त्यात टक्केचिन्हांमधलं युजर प्रोफाइल (होम फोल्डरच्या पत्त्याऐवजी लिहिलेलं नाव) असू शकतं, ते आपण उलगडायचं. दुसरा मार्ग पॉवरशेल, विंडोजला कमांड द्यायचा प्रोग्रॅम. त्याला एका ओळीत 'माय डॉक्युमेंट्स'चा पत्ता मागता येतो आणि तो उलगडलेलाच मिळतो. मी पॉवरशेल वापरतो, आणि तो वापरताना मला जे भोवलं ते तुमच्या एरर देणाऱ्या लॅपटॉपशी जुळतंय असं वाटतं, म्हणून तपशिलात सांगतो.

आपल्या बडोद्यात घरोघरी विंडोजच्या अकाउंटला गुजरातीत नाव दिलेलं सापडतं. मराठी घरांत देवनागरीत. मी पाहिलेल्या एका मशीनवर अकाउंटचं नाव गुजराती लिपीत 'पटेल परिवार' होतं. माझ्या एक्स्टेन्शनने पॉवरशेलला पत्ता विचारला, उत्तर आलं आणि लॉगमध्ये ते असं दिसलं: सी ड्राइव्ह, युजर्स, मग चार प्रश्नचिन्हं, एक मोकळी जागा, सहा प्रश्नचिन्हं, आणि पुढे डॉक्युमेंट्स. मी ते बराच वेळ बघत बसलो. आधी वाटलं लॉगचा फॉन्ट बिघडलाय. मग मोजलं. 'पटेल'मध्ये तीन व्यंजनं आणि एक मात्रा, म्हणजे चार. 'परिवार'मध्ये चार व्यंजनं, एक वेलांटी, एक काना, म्हणजे सहा. युनिकोडमध्ये मात्रा, काना, वेलांटी यांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक असतो. म्हणजे प्रत्येक क्रमांकाचं एक प्रश्नचिन्ह झालं होतं. फॉन्टचा दोष असता तर अक्षरं आत शाबूत असती. इथे ती नष्टच झाली होती.

कारण असं की विंडोजसोबत येणारा पॉवरशेल आपलं उत्तर बाहेर पाठवताना कन्सोलच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यामध्ये, रूपांतर करतो. त्या कोडपेजमध्ये २५६ जागा असतात, त्यात गुजराती किंवा देवनागरीला जागा नाही, म्हणून जे बसत नाही त्याचं प्रश्नचिन्ह होतं. नोडच्या बाजूने काहीही केलं तरी ते परत मिळत नाही. उपाय पॉवरशेलच्याच बाजूला करायचा. पत्ता मागायच्या आधी त्याच कमांडमध्ये कन्सोलचं आउटपुट एन्कोडिंग यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत) करायचं, आणि नोडमध्ये येणारं उत्तर यूटीएफ-८ म्हणून वाचायचं. दोन्ही बाजू जुळल्या की 'पटेल परिवार' जसंच्या तसं येतं. उत्तराच्या शेवटी नवी ओळ येते, ती काढून टाका. कमांड चालवताना पूर्ण ओळ शेलला देण्याऐवजी प्रोग्रॅम आणि त्याचे आर्ग्युमेंट्स वेगवेगळे देणारं फंक्शन वापरा, म्हणजे नावातल्या मोकळ्या जागेने पत्ता मध्येच तुटत नाही. प्रोफाइल न वाचण्याचा पर्यायही द्या, नाहीतर कोणाच्या पॉवरशेल प्रोफाइलमध्ये काही छापलं जात असेल तर ते तुमच्या उत्तरात मिसळतं.

पॉवरशेल सुरू व्हायला वेळ लागतो, जुन्या लॅपटॉपवर चांगला जाणवण्याइतका. म्हणून हे काम एक्स्टेन्शन सुरू होताना करू नका. मुलाने बटण दाबलं की मगच करा, आणि तेही नोंद सापडली नाही तरच. मिळालेलं उत्तर व्हीएस कोड बंद होईपर्यंत लक्षात ठेवा, कायमचं साठवू नका. कायमचं साठवलं की आपणही आणखी एक शिळी नोंद तयार केली असं होतं.

व्हीएस कोडच्या बाजूचं एक दुखणं इथे सांगायलाच हवं. तुमच्या मोठ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी विंडोजवर डब्ल्यूएसएल वापरत असेल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स, तर तुमचं एक्स्टेन्शन कुठे चालतंय हे तपासा. व्हीएस कोडची खिडकी विंडोजवर असते, पण एक्स्टेन्शन बहुधा लिनक्सच्या बाजूला चालतं. तिथे नोडला प्लॅटफॉर्म विचारला तर तो लिनक्स सांगतो, होम फोल्डर लिनक्समधला मिळतो, आणि आर्डुइनो आयडीई मात्र विंडोजवर बसलेली. तुमच्या सध्याच्या कोडने तिथेही निमूटपणे नवा फोल्डर करून लायब्ररी टाकली असती. याचा इलाज एका ओळीचा आहे. पॅकेजच्या जेसन फाइलमध्ये, जिथे एक्स्टेन्शनची माहिती लिहिलेली असते, एक्स्टेन्शनचा प्रकार 'यूआय' असा जाहीर करा. मग ते नेहमी त्याच मशीनवर चालतं जिथे खिडकी आहे. एसएसएचवरून दूरच्या मशीनवर काम करणाऱ्यांनाही हेच लागू.

आता माणसाला विचारण्याची पायरी. एक सेटिंग ठेवा, 'आर्डुइनोचा युजर फोल्डर', सुरुवातीला रिकामी. ती भरलेली असेल तर बाकी काहीही न शोधता तीच वापरा. मुलाने किंवा पालकाने मुद्दाम लिहिलेलं उत्तर सगळ्यात वरचं. या सेटिंगची व्याप्ती 'मशीन' ठेवा. दोन कारणं. पहिलं, व्हीएस कोडमध्ये सेटिंग्ज सिंक चालू असेल तर साधी सेटिंग एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाते. घरच्या लॅपटॉपचा पत्ता शाळेच्या मशीनवर गेला तर काही अर्थ नाही. मशीन व्याप्तीच्या सेटिंग्ज सिंक होत नाहीत. दुसरं कारण सुरक्षेचं. साधी सेटिंग कोणत्याही प्रोजेक्टच्या फोल्डरमधून बदलता येते. मुलाने कुठूनतरी उतरवलेला प्रोजेक्ट उघडला आणि त्यात हा पत्ता भलताच लिहिलेला असला तर तुमचं एक्स्टेन्शन त्या भलत्या जागी फाइल्स लिहील. मशीन व्याप्तीत प्रोजेक्टला हा अधिकारच राहत नाही.

सेटिंगमध्ये लोक होमसाठी लाटेचं चिन्ह लिहितात, किंवा टक्केचिन्हांत युजर प्रोफाइल. व्हीएस कोड ते तुम्हाला उलगडून देत नाही, जसंच्या तसं देतो. उलगडणं तुमच्या कोडचं काम. मी होमचं चिन्ह फक्त अगदी सुरुवातीला असेल तरच उलगडतो.

समजा मशीनवर १.८ आणि २ दोन्ही आहेत आणि दोघींच्या नोंदी वेगळ्या. सुरुवातीला मी नवीला प्राधान्य द्यायचो. मग एका लॅबमध्ये पाहिलं की नवी कोणीतरी हौसेने टाकून ठेवलीय आणि मास्तर शिकवतात जुनीवर. तेव्हापासून दोन वेगळी उत्तरं आली की मी निवडत नाही. व्हीएस कोडच्या निवड-यादीत दोन्ही पत्ते दाखवतो. प्रत्येकाखाली हा पत्ता कुठून मिळाला ते, आणि त्यात किती स्केचेस आहेत ते लिहितो. '२३ स्केचेस' आणि 'रिकामा' असं समोर दिसलं की सातवीतलं पोरही बरोबर निवडतं. निवडलेलं उत्तर वर सांगितलेल्या सेटिंगमध्ये लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा विचारावं लागत नाही आणि चुकलं असेल तर डोळ्यांना दिसेल अशा जागी राहतं.

फोल्डर मिळाला. लिहिण्याआधी तपासायचं काय? तो आहे का, आणि फोल्डरच आहे का, एवढं सोपं. लिहिता येईल का हे विचारताना सावध. नोडमध्ये परवानगी तपासणारं जे फंक्शन आहे ते विंडोजवर परवानग्यांची खरी यादी बघत नाही, त्यामुळे ते 'हो' म्हणतं आणि प्रत्यक्ष लिहिताना एरर येते. विंडोजच्या सुरक्षेत 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' हा पर्याय कोणी चालू केला असेल तर डॉक्युमेंट्समध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू दिलं जात नाही. तुमच्या दोन एररपैकी एक ही असू शकते, वडिलांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर असं बऱ्याचदा असतं. म्हणून आधी विचारत बसण्यापेक्षा लायब्ररीज फोल्डरमध्ये एक छोटी तात्पुरती फाइल खरंच लिहून पाहा आणि पुसून टाका. ते जमलं तर बाकीचं जमेल. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून डॉक्युमेंट्समध्ये जायला सिस्टिम परवानगी विचारते. मूल घाईत 'नाही' दाबून मोकळं होतं आणि मग दरवेळी एरर येते. तिथे तुमच्या संदेशात स्पष्ट लिहा की सिस्टिम सेटिंग्जमधल्या गोपनीयतेच्या विभागात जाऊन व्हीएस कोडला परवानगी द्या.

'लायब्ररी बसवली' हा संदेश मात्र बदला. त्यात पूर्ण पत्ता आणि तो कुठून कळला ते असू द्या. उदाहरणार्थ, 'लायब्ररी अमुक फोल्डरमध्ये ठेवली. हा पत्ता आर्डुइनो आयडीई २ च्या नोंदीतून घेतला.' एवढ्या एका वाक्याने त्या अकरावीतल्या मुलाचा आणि माझा दीड तास वाचला असता. सोबत आउटपुटच्या खिडकीत प्रत्येक पायरी लिहा. सेटिंग रिकामी, व्हेरिएबल नाही, यामल फाइल सापडली, युजरची ओळ अशी-अशी, फोल्डर आहे, लिहिता येतंय. पालकांनी त्याचा फोटो पाठवला की तुम्हाला घरबसल्या दुखणं कळतं.

चाचणीबद्दल थोडक्यात, कारण तुमच्याकडे नऊ वेगवेगळे लॅपटॉप समोर मांडून बसायची सोय नसणार. शोधणारं फंक्शन असं लिहा की प्लॅटफॉर्म, होम फोल्डर, एन्व्हायर्नमेंट आणि फाइल वाचण्याची सोय हे सगळं त्याला बाहेरून दिलं जाईल, ते स्वतः सिस्टिमला काही विचारणार नाही. नोडच्या पाथ मॉड्यूलमध्ये विंडोजचे आणि पॉझिक्सचे (मॅक-लिनक्सचे) पत्त्याचे नियम वेगवेगळे मागता येतात, ते वापरलेत तर विंडोजच्या मशीनची चाचणी तुमच्या लॅपटॉपवरच होते, तो कोणताही असो. मग गुजराती नावाचा युजर, वनड्राइव्ह चालू करून बंद केलेला, दोन आयडीई असलेला, नोंदच नसलेला, अशा प्रत्येक मशीनची एक-एक खोटी मांडणी करून ठेवा. पुढे कोणाच्या घरी नवी तऱ्हा सापडली की तीही तिथे जमा करायची.

आणखी एक प्रश्न मी स्वतःला नेहमी विचारतो, तुम्हीही विचारून बघा: आपल्याला हा फोल्डर खरंच हवा आहे का? मुलं आयडीई न वापरता सगळं व्हीएस कोडमधूनच कंपाइल करत असती तर सीएलआयच्या कंपाइल कमांडला लायब्ररीचा पत्ता थेट देता येतो आणि युजर फोल्डरला हात लावावाच लागत नाही. पण तुमची मुलं बोर्डावर कोड चढवायला आयडीईच वापरतात असं तुमच्या प्रश्नावरून दिसतंय, तेव्हा तुमच्यासाठी वरचाच रस्ता.

येत्या रविवारपर्यंत सगळा कोड बदलून होणार नाही, हे मला माहीत आहे. तोवर त्या तीन मुलांना एवढंच करायला सांगा: आर्डुइनो आयडीई उघडायची, 'फाइल' मेन्यूतून 'प्रेफरन्सेस'मध्ये जायचं. पहिल्याच चौकटीवर 'स्केचबुक लोकेशन' लिहिलेलं असतं. त्या चौकटीचा फोटो काढून तुम्हाला पाठवायचा. तिसऱ्या लॅपटॉपवर तो पत्ता तुमच्या एक्स्टेन्शनच्या पत्त्याशी जुळणार नाही असा माझा अंदाज आहे. तसं निघालं तर तुमच्या एक्स्टेन्शनने तयार केलेला जास्तीचा आर्डुइनो फोल्डर पुसायच्या आधी त्यात मुलाचं स्वतःचं एखादं स्केच तर नाही ना, हे त्याच्या शेजारी बसून पाहा. एरर देणाऱ्या दोघांचे फोटो आणि एररचा पूर्ण मजकूर मला दाखवा, त्यावरून पुढचं सांगतो.